उजव्या अंगठ्याचा पापड

हे मी लिहायला बसले ते पूर्वा ताईंच्या धाकाने. पूर्वा ताई म्हणजे रामवाडीच्या केंद्रात माझ्या मुलीच्या हातावर उपचार करणाऱ्या थेरपिस्ट. त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढं बोलता, तेच लिहा की. केंद्रात नवीन आई येते आणि कोपऱ्यात बसून रडते. तिला तुमचं वाचायला देईन."

तेव्हा बाई, डोळे पूस आणि वाच. बाबा आला असेल तर त्यालाही दे. पण बाबा लोक कोपऱ्यात रडत नाहीत, ते बाहेर मोटारसायकलवर बसून राहतात. आमचेही बसायचे.

मी वैशाली. सासर रोह्याचं, माहेर पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातलं. नवरा रोह्याला कंपनीत शिफ्टमध्ये आहे. आम्हाला एकच मुलगी, ईश्वरी. सगळे ईशू म्हणतात. आजारी पडली तेव्हा पहिलीत होती, आणि गप्प बसली तर बक्षीस देऊ असं तिच्या बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं. ते बक्षीस तिला कधी मिळालं नाही.

*

दिवाळीची सुट्टी संपत आली होती. ईशूला ताप आला. पोरांना येतोच ताप, म्हणून रोह्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून औषध आणलं. ताप उतरेना. एका सकाळी चहात बिस्कीट बुडवता बुडवता तिचे डोळे फिरले आणि अंग ताठ झालं. आकडी होती. बिस्कीट चहातच राहिलं. पुढे कितीतरी दिवस मला तो कप दिसत होता.

तिथून रुग्णवाहिकेने पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात. आत तिला नळ्या लावलेल्या आणि बाहेर आम्ही दोघं. काचेतून पाय तेवढे दिसायचे. ते हलले की बरं वाटायचं. बरेच दिवस गेल्यावर डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मेंदूला सूज आली होती, ती उतरतेय. जिवाचा धोका टळलाय. पण उजव्या बाजूची ताकद गेलीय. पाय सुधारेल असं वाटतं. हाताचं आत्ता सांगता येणार नाही."

मी यातलं धोका टळल्याचं वाक्य ऐकलं. बाहेर येऊन आईला फोन केला, पोर वाचली म्हणून ओक्साबोक्शी रडले, आणि कॅन्टीनमधून बर्फी आणून नर्सना वाटली. ईशूच्या पप्पांनी शेवटचं वाक्य ऐकलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी बर्फीला हात लावला नाही. मला राग आला. एकाच केबिनमधून आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या बातम्या घेऊन बाहेर पडलो होतो आणि पुढे कितीतरी महिने आमची भांडणं झाली ती यावरूनच.

हॉस्पिटलचं सांगण्यासारखं फार नाही. सकाळी फरशी पुसल्याचा वास, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर वाट बघणं. पण एक गोष्ट सांगते. वॉर्डात एक मावशी होत्या, साफसफाईच्या. ईशूला बाहेर वॉर्डात आणल्यावर त्या रोज काम उरकून यायच्या, तिच्या केसांचा गुंता सोडवायच्या, दोन वेण्या घालायच्या आणि रिबीन म्हणून पट्टीचं कापड बांधायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. मला तर तिचे केस विंचरायचे असतात हेही सुचत नव्हतं. ईशू आजारातून उठल्यावर पहिल्यांदा हसली ती आरशात त्या पांढऱ्या रिबिनी बघून. मावशी, तुमचं नाव विचारायचं राहिलं. देव तुमचं भलं करो.

*

घरी आलो. पाय फरफटत का होईना, चालायला लागला. हाताची मात्र मूठ मिटली होती आणि अंगठा आत अडकला होता. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते: मिटलेल्या मुठीला वास येतो. आत घाम साचतो, कातडी पांढरी पडते, नखं तळव्यात रुततात. रोज ती मूठ कोमट पाण्यात सोडवायची, एकेक बोट उचलून पुसायचं, कोरडं करायचं. मी सोडलं की पुन्हा मिटायची. ईशू त्या हाताकडे बघायचीच नाही. जणू तो शेजारच्यांचा हात, आपल्याकडे ठेवायला दिलेला.

सासूबाईंनी पोर घरी आली म्हणून सत्यनारायण घातला. प्रसाद वाटताना ईशूने डावा हात पुढे केला. आलेल्यांपैकी एक बाई म्हणाल्या, "बाळा, प्रसाद उजव्या हातात घ्यायचा." त्यांना माहीत नव्हतं, त्यांचा दोष नाही. पण ईशूने दोन्ही हात फ्रॉकमागे लपवले. सासूबाई पूजेवरून उठल्या, द्रोण घेतला आणि तिला स्वतःच्या हाताने भरवू लागल्या. "माझी नात माझ्या हातानं खाते," एवढंच म्हणाल्या. सासूबाईंचं आणि माझं मेतकूट कधी जमलं नाही, पण त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

त्यानंतर कळलं की पेणला रामवाडीत अशा मुलांसाठी केंद्र आहे. रोह्याहून रोज ये-जा करणं पोरीला झेपणारं नव्हतं. शिमगा झाला आणि मी तिला घेऊन माहेरी आले. पप्पा रोह्यालाच, सुट्टीच्या दिवशी पेणला यायचे. निघताना म्हणाले, "शाळा सुरू होईपर्यंत बघू. नाहीतर मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे नेतो." म्हणजे आमच्या हातात उन्हाळा तेवढा होता.

*

पूर्वा ताई महाडच्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, आवाज मात्र हेडमास्तरांचा. केंद्रात महागडी यंत्रं असतील असं मला वाटलं होतं. तिथे एक पोरगा जाळं विणायच्या गाठी मारत होता, एक मुलगी सुपात तांदूळ पाखडत होती, अर्धे जमिनीवर सांडत होती, आणि कोपऱ्यात दोन मुलं एकमेकांचे हात धरून बसल्या बसल्या फुगडीचं गाणं म्हणत डुलत होती. मला वाटलं, चुकीच्या जागी आलो.

ताईंनी ईशूचा हात तपासला आणि मला विचारलं, "तुमच्या घरी हातानं काय करतात?"

"म्हणजे?"

"कुणी मासे सुकवतं, कुणी मूर्ती रंगवतं. मुलाला आपल्या घरातलं काम बघून माहीत असतं. ते करावंसंही वाटतं. हात विसरलाय, त्याला आठवण करून द्यायची तर कामात जीव हवा."

मी काहीच नाही म्हणून सांगितलं. आधी ताईंनी शाडूची माती दिली. इकडे मातीला काय तोटा! हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका आईने गोळाच आणून दिला होता. ईशूने त्या गार, ओल्या गोळ्याला बोट लावलं आणि असा आकांत मांडला की बाहेर मोटारसायकलवर बसलेले सगळे बाबा आत आले. ताई म्हणाल्या, "पेणात राहून मातीला घाबरणारी ही पहिलीच."

आता मी "काहीच नाही" का म्हणाले ते सांगते. माझी आई पापड लाटते. पोह्याचे पापड, पेणच्या एका शेठसाठी. आमचं सगळं शिक्षण त्या पापडांवर झालं आणि मला त्यांचा वास नको झाला होता. हिंग, पापडखार, गोडंतेल. बी.कॉम. झाले, लग्न झालं, सुटले बाई एकदाची असं वाटलं होतं. आणि आता पोरीला घेऊन पुन्हा त्याच ओसरीवर.

ईशूला मात्र ती ओसरी म्हणजे जत्रा. आमच्याकडे कच्च्या पिठाची लाटी तेलात बुडवून खायची असते, पापड लाटणाऱ्या घरात वाढलेल्या कुणालाही विचार. आई लाट्या तोडायची आणि ईशू पळवायची. एक दिवस लाट्यांचं ताट लांब होतं. डाव्या हातात आधीच एक लाटी. ईशूने उजवी मूठ ताटाच्या कडेवर टेकवली आणि ताट ओढलं.

आई ओरडली, "वैशे! अगो बघ, पोरीनं त्यो हात लावला!"

दुसऱ्या दिवशी मी ताईंना सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "आणि तुम्ही म्हणालात घरी काहीच करत नाही?"

*

ताई घरी आल्या आणि ओसरीवर मांडी घालून बसल्या. आईने पिठाचा लांब वळा केला. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधलं, दुसरं हातात धरलं, आणि दुसऱ्या हाताने वळा पुढे सरकवत सटासट लाट्या तोडल्या. मी जन्मापासून हे बघतेय. ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, एक हात दोऱ्याला, एक हात वळ्याला, आणि पकड पायाकडे. हे तर ईशूसाठीच केलंय कुणीतरी!"

मग तसंच ठरलं. आईने मिरचीशिवायचा गोळा वेगळा केला. ईशूच्या पायाच्या इवल्या अंगठ्याला दोरा, डाव्या हातात दुसरं टोक, आणि उजव्या मुठीने वळा ढकलायचा. लाट्या पडायच्या, एक बोराएवढी, एक लिंबाएवढी. लाटायला बसली की ताईंनी दाखवल्याप्रमाणे जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीने तिचा उजवा हात लाटण्याला सैलसर बांधायचा. पापड व्हायचे ते उजवीकडे जाड आणि डावीकडे कागदासारखे. आठवड्याचे वाळलेले थोडे पापड डब्यात घालून केंद्रात न्यायचे. ताई एकेक खिडकीशी धरून बघायच्या, "इथे जोर कमी पडला, इथे खांद्यातून ढकललंय," आणि त्यावरून पुढचं ठरवायच्या.

सुट्टीला पप्पा आले की ईशूचे पापड भाजायचं काम त्यांचं. पातळ बाजू काळी व्हायची, जाड बाजू कच्ची राहायची. ते सगळा खायचे. पण ईशू बाहेर खेळायला गेली की मला म्हणायचे, "पापड लाटून कुणाचा मेंदू बरा झालाय? वेळ चाललाय, वैशाली." मी भांडायचे. आणि खोटं कशाला बोलू, ते रोह्याला गेले की मलाही तेच वाटायचं.

*

मग एक आठवडा असा आला की ताईंनी डबा उघडला आणि त्या जागच्या उठल्या. पापड खिडकीशी धरून म्हणाल्या, "अहो, दोन्ही बाजू सारख्या! एवढ्या लवकर!" आम्ही घरभर गूळ वाटला. ताईंनी पट्टी काढायला सांगितली. पट्टीशिवाय लाटायचं आणि शिवाय डब्याचं झाकण उघडायचं.

ईशू बसली. लाटणं हातातून सुटलं आणि तिच्या पायावर पडलं. पुन्हा सुटलं. झाकण तर हललंच नाही. तिने पोळपाट ढकलून दिला. "मला नाय लाटायचे! माझा हात घाण हाय!" त्या दिवसापासून ती ओसरीवर यायची बंद झाली. मूठ पुन्हा घट्ट. उन्हाळा संपत आलेला. मी पप्पांना फोन करून सांगितलं, "तुम्ही म्हणाल तसं करू. मुंबईला नेऊ."

फोन ठेवला तर ईशू शेजारी उभी. म्हणाली, "मम्मी, आजी माझे पापड लपवते."

आईला विचारलं. आधी ती पदराने भांडी पुसत राहिली. मग बोलली, "अगो, मला वाटला परीक्षा असंल. ताई उजेडात धरून बघते. पोरीला नापास केली तर? म्हनून मी माझे ठेवले डब्यात."

"आई, अगं ते परीक्षेला नव्हते!"

"आनि वाकडा पापड शेठ परत धाडतो. माझ्या घरातून वाकडा पापड आजपत्तुर बाहेर गेला नाय."

मी एवढी भडकले की तोंडाला येईल ते बोलले. मग तिघी रिक्षाने केंद्रात गेलो. आई ताईंसमोर अपराध्यासारखी उभी. ताईंनी ऐकलं आणि हसत सुटल्या. "आजी, म्हणजे मी तुमच्या हाताला पास केलं!" हसून झाल्यावर आईचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "मला वाकडेच हवेत. वाकडा पापड मला सांगतो पोरीचं कुठे दुखतंय. शेठला सरळ द्या, मला वाकडे द्या."

मग ईशूला जवळ घेतलं. "आता आजीला फसवता येणार नाही असं करू. तुझ्या प्रत्येक पापडावर कडेला तुझा शिक्का. उजव्या अंगठ्याचा. आजीचा अंगठा एवढा मोठा, तुझा एवढुसा. चोरी लगेच पकडली जाईल."

ईशूने आजीकडे बघितलं. आजीने कान पकडले. ईशू हसली.

तो अंगठा मुठीत अडकलेला होता, विसरू नकोस. पहिले काही शिक्के मी अंगठा बाहेर ओढून मारून घेतले. पट्टी पुन्हा बांधली. पण आता तिला चोर पकडायचा होता. पापड लाटून झाला की ती श्वास रोखायची, ओठ दाबायची, आणि तो अंगठा मुठीतून जरासा बाहेर यायचा. कधी शिक्का, कधी नुसता ओरखडा. आई शेजारी बसून मुद्दाम हात पुढे करायची, "दे गो, मी मारतंय शिक्का," आणि ईशू किंचाळायची, "नाय! माझा हाय!"

एक दिवस आईकडून गोळ्यांची अदलाबदल झाली, मिरचीचा ईशूकडे गेला. थोड्या वेळाने ईशू रडत उठली. "आजी, हात भगभगतोय!"

"कुठला गो?"

तिने उजवा पुढे केला. ज्या हाताला मी चिमटा काढला तरी कळत नव्हतं तो. मी तो हात तेल लावून ताकात बुडवला आणि रडणाऱ्या पोरीला मांडीवर घेऊन हसत होते. आईने तर अख्ख्या आळीला सांगितलं, "माझ्या नातीचा हात भगभगला!" ताई मिरचीवरून आईला खूप ओरडल्या, आणि ओरडून झाल्यावर डोळे पुसायला आत गेल्या.

*

आता विचारशील, बरी झाली का? खरं सांगते. पूर्ण नाही. लिहिते डाव्या हातानेच. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, थंडीत मूठ आवळते. मुंबईच्या डॉक्टरांकडेही आम्ही जाऊन आलो. त्यांनी हात बघून "जे करताय ते सोडू नका" म्हटलं. ईशू शाळेत जाते, बोलते म्हणून उठाबशा काढते, तेही दोन्ही हातांनी कान धरून.

पण तुला शाळा सुरू होण्याआधीची पप्पांची ती शेवटची सुट्टी सांगते आणि थांबते. तोवर पट्टी सुटली होती. पप्पा दुपारी आले, मुंबईच्या डॉक्टरांची वेळ घेऊनच. जेवायला बसण्याआधी नेहमीसारखा ईशूच्या डब्यातला वरचा पापड घेऊन गॅसवर धरला. मी पाठमोरी भात वाढत होते. ताट घेऊन वळले. चिमट्यात पापड होता, कडेपासून कडेपर्यंत सारखा फुललेला. कुठे काळा नाही, कुठे कच्चा नाही.

"आईंचा घातलात होय यात?" ते म्हणाले. आवाजात थकवा होता.

मी आईकडे बघितलं. "देवाशपथ नाय," आई म्हणाली, आणि पुन्हा कान पकडले.

त्यांनी पापड उलटा केला. कडेला एक इवलासा चपटा गोल होता, तिथे पापड फुगला नव्हता. मग आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला. त्यांच्या अंगठ्याखाली तो गोल दिसेनासा झाला. जो माणूस हॉस्पिटलात रडला नव्हता, तो आता गॅस चालू ठेवून ओट्याशी उभा राहून रडू लागला. मी गॅस बंद केला.

"हा मी खाणार नाही," ते म्हणाले. "हा ठेवून देतो."

ईशू त्यांच्या पायाशी उभी होती. तिला काही कळेना. "पप्पा, पापड खायचा असतो," ती म्हणाली, तो त्यांच्याकडून घेतला आणि दोन्ही हातांनी मोडला. छोटा तुकडा त्यांना दिला, मोठा स्वतःला ठेवला.